बे एरियातून टाहोच्या बर्फात एका दिवसात : गाडीने जाऊन पहिल्यांदा स्कीइंग करणाऱ्यांसाठी

फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या अंगणात हिवाळ्यात फार तर पाऊस पडतो. पण तिथून साडेतीन-चार तास गाडी चालवली की सिएरा नेवाडाच्या पर्वतरांगेत माणसाच्या उंचीहून जास्त बर्फ साचलेला सापडतो. पहाटे निघायचे, दिवसभर स्कीइंग करायचे आणि रात्री घरी परतायचे, असा बेत त्यामुळे एका दिवसात बसतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना धास्ती असते ती स्कीइंगची. माझ्या मते या दिवसाचा खरा अवघड भाग म्हणजे रस्ता आणि वेळ. उतारावर शिकवायला प्रशिक्षक असतो, पडलात तर उचलायला माणसे असतात. बर्फाळ महामार्गावर मात्र निर्णय तुम्हालाच घ्यावे लागतात, आणि त्यांतले बरेचसे घरून निघण्यापूर्वीच घेता येतात. म्हणून या लेखात रस्त्याला अधिक जागा दिली आहे.

ठिकाण निवडताना

टाहो सरोवराच्या परिसरात स्कीची ठिकाणे पुष्कळ आहेत, पण एका दिवसाच्या सहलीसाठी इंटरस्टेट ८० वरच्या डॉनर समिट या खिंडीच्या आसपासची ठिकाणे सर्वांत सोयीची पडतात. महामार्ग येथे ७,२३९ फूट, म्हणजे सुमारे २,२०६ मीटर उंचीवरून जातो. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे आहे, यावरून चढाचा अंदाज यावा. सोडा स्प्रिंग्ज, डॉनर स्की रँच, शुगर बोल आणि बोरिअल ही चारही ठिकाणे या खिंडीजवळच आहेत. खिंड ओलांडून ट्रकी या गावाच्या पुढे गेले की नॉर्थस्टार आणि पॅलिसेड्स टाहो लागतात. पॅलिसेड्सला १९६० ची हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा भरली होती; २०२१ पर्यंत त्याचे नाव स्क्वॉ व्हॅली होते. ही दोन्ही मोठी आणि देखणी ठिकाणे आहेत, परंतु तिथे जाण्यासाठी खिंड दोनदा ओलांडावी लागते आणि ट्रकीपासून पुढच्या लहान रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ गाड्यांची रांग लागते.

पहिल्या दिवसासाठी मी बोरिअल किंवा सोडा स्प्रिंग्ज सुचवेन. बोरिअल महामार्गाच्या अगदी कडेला आहे आणि नवख्यांना शिकवण्यावर तिथे भर असतो; सोडा स्प्रिंग्जला लहान मुलांसाठी ट्यूबिंगची, म्हणजे हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर बसून घसरण्याची, सोय आहे. शुगर बोल १९३९ मध्ये सुरू झाले, कॅलिफोर्नियातली पहिली चेअरलिफ्ट (स्की करणाऱ्यांना वर नेणारी, तारेवरच्या खुर्च्यांची लिफ्ट) तिथेच लागली, आणि वळणे घेता येऊ लागल्यावर तिथे जाण्यात खरी गंमत आहे. एपिक आणि आयकॉन हे हंगामी पास वर्षात अनेकदा जाणाऱ्यांच्या कामाचे आहेत. पहिल्या खेपेला त्यांचा विचार करू नये. ज्यांना स्की न करता फक्त घसरगाडी घेऊन बर्फात खेळायचे आहे, त्यांनी राज्य सरकारच्या स्नो-पार्क जागा पाहाव्यात. डॉनर समिट आणि युबा गॅपला अशा जागा आहेत आणि गाडी उभी करण्याचा परवाना आधी विकत घ्यावा लागतो. महामार्गाच्या कडेला गाडी थांबवून मुलांना बर्फात सोडणारी कुटुंबे दर वर्षी दिसतात. बर्फ सारणारी अवजड यंत्रे त्याच कडेने येत असल्याने हे अत्यंत धोक्याचे आहे.

दिवस निवडताना

डॉनर समिटला बर्फ किती पडतो, याची मोजदाद कॅलिफोर्निया विद्यापीठाची, बर्कलीची सेंट्रल सिएरा स्नो लॅब १९४६ पासून सोडा स्प्रिंग्जजवळ करत आली आहे. २०२२-२३ च्या हंगामात तिथे ७५४ इंच बर्फ पडला. त्याहून जास्त, ८१२ इंच, फक्त १९५१-५२ मध्ये पडला होता. त्याच हिवाळ्यात, जानेवारी १९५२ मध्ये, ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही आगगाडी युबा गॅपजवळ प्रवाशांसह तीन दिवस बर्फात अडकून पडली होती. हा इतिहास जुना झाला असे मानू नये. मार्च २०२४ च्या सुरुवातीच्या हिमवादळात इंटरस्टेट ८० शनिवार-रविवारभर डोंगरात बंद होता.

पॅसिफिकवरून येणारी वादळे दमट आणि तुलनेने उबदार असतात. त्यामुळे इथला बर्फ जड आणि ओलसर पडतो. स्की करणारे त्याला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात. वादळ चालू असताना जाण्यात नवख्याचा काहीच फायदा नसतो : समोरचे दिसत नाही, लिफ्ट वाऱ्यामुळे बंद ठेवाव्या लागतात आणि रस्ता केव्हाही अडतो. वादळ ओसरून रस्ते मोकळे झाल्यानंतरचा, आकाश निरभ्र असलेला कामाचा वार सर्वांत चांगला. जानेवारीतल्या मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा आणि फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेचा जोडून सुटीचा आठवडा एका दिवसाच्या सहलीसाठी टाळावाच, कारण तेव्हा दिवसातला मोठा भाग गाडीतच जातो. मला स्वतःला मार्चचा पहिला पंधरवडा आवडतो. दिवस मोठा झालेला असतो, ऊन असते आणि साचलेला बर्फ भरपूर असतो.

हवामान पाहताना नॅशनल वेदर सर्व्हिसच्या सॅक्रामेंटो आणि रीनो या दोन्ही कार्यालयांचे अंदाज वाचावेत. सिएराचा पश्चिम उतार सॅक्रामेंटोच्या आणि टाहोचे खोरे रीनोच्या अंदाजात येते. ‘स्नो लेव्हल’, म्हणजे ज्या उंचीच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो ती पातळी, किती फुटांवर आहे, हा आकडा विशेष पाहावा. तो ७,००० फूट असेल तर बहुतेक चढावर पाऊसच लागेल. तो ३,००० फुटांवर आला असेल, तर कोलफॅक्सच्या थोडे पुढे गेल्यापासूनच बर्फ सुरू होईल आणि त्या दिवशी घरी राहणे शहाणपणाचे.

चेन, टायर आणि नियम

राज्याचा वाहतूक विभाग कॅलट्रान्स बर्फाच्या वेळी चाकांना साखळ्या, म्हणजे चेन, लावण्याचे तीन स्तर जाहीर करतो. आर-१ लागू असताना साध्या गाड्यांच्या इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांवर चेन किंवा स्नो टायर असावे लागतात. आर-२ मध्ये सर्व गाड्यांना चेन लावावी लागते. ज्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या चारही चाकांना स्नो टायर आहेत, त्यांना यातून सूट मिळते. आर-३ मध्ये कोणालाही सूट नसते, आणि परिस्थिती तिथवर येण्यापूर्वी बहुधा रस्ताच बंद केला जातो. सूट मिळणाऱ्या गाड्यांनीही चेन सोबत बाळगणे बंधनकारक आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. आपली एसयूव्ही आहे म्हणून चेन कशाला, हा विचार तपासणी नाक्यावर पोहोचल्यावर महागात पडतो, कारण तिथून गाडी परत पाठवली जाते.

टायर स्नो टायर आहे की नाही, हे त्याच्या बाजूला कोरलेल्या ‘एम+एस’ या अक्षरांवरून किंवा पर्वत-हिमकणाच्या चिन्हावरून कळते. नक्षीची खोली किमान ६/३२ इंच, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर असली पाहिजे. बे एरियात तीन-चार वर्षे वापरलेला टायर पावसात व्यवस्थित चालतो, परंतु या मापात बसेलच असे नाही.

चेन विकत घेण्यापूर्वी गाडीचे माहितीपुस्तक वाचावे. काही गाड्यांत चाक आणि आतले भाग यांच्यामध्ये जागा इतकी कमी असते की जाड कड्यांच्या साखळ्या लावायला कंपनी मनाई करते. अशा वेळी पातळ केबलची चेन किंवा चाकावर चढवायचा कापडी मोजा चालतो. टायरच्या बाजूला लिहिलेले माप, उदाहरणार्थ २२५/६५ आर १७, दुकानात जसेच्या तसे सांगावे. बहुतेक सेडान आणि लहान गाड्यांत ताकद पुढच्या चाकांना मिळते, म्हणून चेन पुढे लागते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागे. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये कोणत्या चाकांना लावायची, हे पुस्तकच सांगेल. भाड्याची गाडी घेणार असाल तर करार बारकाईने वाचा, कारण अनेक कंपन्या चेन लावायला परवानगी देत नाहीत.

चेन घरासमोर, उजेडात, निदान एकदा लावून आणि काढून पाहा. ही एक गोष्ट केली तर सहलीतली निम्मी भीती जाते. साखळी जमिनीवर पसरून पीळ काढायचा, चाकाच्या वरून टाकून दोन्ही बाजूंना सारखी सोडायची, आधी आतल्या बाजूचा आकडा अडकवायचा, मग बाहेरचा. नंतर गाडी थोडी पुढे घेऊन सैल झालेला भाग पुन्हा ओढून घ्यायचा. डोंगरात हेच काम वारा, ओला चिखल आणि शेजारून जाणारे ट्रक यांच्यामध्ये करायचे असते. तिथे चेन लावून देणारे परवानाधारक लोक क्रमांक असलेला बिल्ला लावून उभे असतात आणि मोबदला घेऊन काही मिनिटांत काम करतात; त्यांना चेन विकण्याची मात्र परवानगी नाही. सूचनेचा फलक आणि तपासणी नाका यांच्यात साधारण एक मैलाचे अंतर असते. या टप्प्यात गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला घेऊन, धोक्याचे दिवे लावून मगच उतरावे. गाडीची जास्तीची किल्ली खिशात असू द्यावी. चेन लावताना गाडीचे दार लॉक होऊन लोक बाहेर अडकल्याच्या घटना इतक्या घडतात की कॅलट्रान्स स्वतःच हा सल्ला देते. चेन लावल्यावर वेगमर्यादा ताशी २५ किंवा ३० मैल असते, आणि मोकळा रस्ता लागताच सुरक्षित जागी थांबून चेन काढावी.

गाडीत काय असावे

काच खरवडायचे साधन, लहान फावडे, विजेरी, हातमोज्यांचा स्वस्त जोड आणि गुडघ्याखाली घालायला प्लॅस्टिकचा तुकडा, इतके चेनसोबत एका पिशवीत भरावे. काच धुण्याचे द्रव थंडीत न गोठणारे भरावे. बे एरियात वापरतो ते साधे द्रव खिंडीजवळ नळीतच गोठू शकते, आणि ट्रकांनी उडवलेल्या मातकट पाण्यामुळे ते क्षणोक्षणी लागते. प्रत्येकासाठी पांघरूण, पाणी, एका जेवणाइतके जादा खाणे, रोजची औषधे दोन दिवसांच्या हिशेबाने आणि फोनसाठी पॉवर बँक असावी. रस्ता बंद होऊन गाड्यांची रांग जागीच थांबू शकते, आणि अशा वेळी गाडी सोडून चालू लागणे सर्वांत धोक्याचे असते. थांबलेल्या गाडीत ऊब हवी असेल तर इंजिन अधूनमधूनच चालवावे, आणि त्याआधी एक्झॉस्टच्या नळीसमोरचा बर्फ दूर करावा. ती बुजली तर विषारी वायू गाडीत शिरतो.

पेट्रोलची टाकी ऑबर्न किंवा कोलफॅक्सला भरून घ्यावी. विजेवरच्या गाडीत चढ आणि थंडी या दोन्हींमुळे बॅटरी नेहमीपेक्षा बरीच लवकर उतरते, म्हणून रोझव्हिल किंवा ऑबर्नला ती जवळजवळ पूर्ण भरून घ्यावी आणि वर पोहोचताना गणितापेक्षा बरीच जास्त शिल्लक राहील असे पाहावे.

कपडे आणि साहित्य

सुती कपडे आणि जीन्स घरीच ठेवाव्यात, कारण ओले झाले की ते वाळत नाहीत आणि अंगाची ऊब ओढून घेतात. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे जाकीट व पँट, असे तीन थर पुरतात. गळ्याभोवती लोंबणारा मफलर किंवा ओढणी लिफ्टमध्ये अडकू शकते; डोक्यावरून घालायची गळपट्टी वापरावी. हातमोजे जलरोधक हवेत. चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यावरून बसणारा गॉगल मागून घ्यावा.

सनस्क्रीनबद्दल मी आग्रही आहे. उंची दर १,००० मीटरने वाढली की अतिनील किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांजवळही त्वचा भाजते, आणि उघड्या डोळ्यांना काही तासांनंतर दुखरी आग सुटू शकते.

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट भाड्याने मिळतात. बे एरियातल्या दुकानांतून आदल्या दिवशी घेतले तर सकाळची रांग वाचते, आणि लहान मुले बरोबर असतील तर तसेच करावे. मोठ्यांनी पहिल्या वेळी स्कीच्या ठिकाणीच घ्यावे असे मला वाटते, कारण बूट चावू लागला तर तिथे तो लगेच बदलून मिळतो. बूट घालताना एकच पातळ, लांब मोजा घालावा आणि थर्मलची घडी बुटात जाऊ देऊ नये. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर ती मागे सरकावीत, हे बरोबर मापाचे लक्षण. दुकानात उंची, वजन आणि वय विचारतात ते खरे सांगावे. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराला सुटेल, हे त्यावरून ठरवले जाते आणि गुडघ्याची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते.

चढताना

नवख्यांसाठी भाडे, धडा आणि सोप्या लिफ्टचे तिकीट यांचा एकत्र पास मिळतो. तो काही दिवस आधी ऑनलाइन घ्यावा, आणि काही ठिकाणी शनिवार-रविवारी गाडी लावायची जागाही आधी राखून ठेवावी लागते. आदल्या रात्री गाडी भरून ठेवा आणि पहाटे साडेचारच्या सुमारास निघा. निघण्यापूर्वी आणि ऑबर्नला थांबल्यावर कॅलट्रान्सच्या क्विकमॅपवर रस्त्याची स्थिती, चेनचा स्तर आणि कॅमेऱ्यांची चित्रे पाहा. रस्ता बंद असेल तर नकाशाचे अ‍ॅप सुचवील त्या आडवाटेने जाऊ नये. डोंगरातले कित्येक लहान रस्ते हिवाळ्यात साफ केले जात नाहीत, आणि अ‍ॅपला ते दर वेळी कळत नाही.

ऑबर्नपासून खिंडीपर्यंत सुमारे ६,००० फुटांचा चढ आहे. गोल्ड रनच्या विश्रांतिस्थळी स्वच्छतागृह वापरून घ्यावे. पुढे बर्फ सुरू झाला की क्रूझ कंट्रोल बंद ठेवावा, पुढच्या गाडीपासूनचे अंतर एरवीच्या कितीतरी पट वाढवावे, आणि ब्रेक, स्टिअरिंग व ॲक्सिलरेटर या तिन्हींचा वापर हळुवार करावा. बर्फ सारणाऱ्या यंत्रांच्या पुढे जाण्याचा प्रयत्न करू नये. त्यांच्या मागचा रस्ताच सर्वांत चांगला असतो.

उतारावर

धडा घ्याच. मित्राने किंवा नवऱ्याने ‘मी शिकवतो’ म्हटले तरी घ्या. प्रशिक्षक पहिल्या दोन तासांत सपाट जागेवर घसरणे, स्कीची टोके जवळ आणून पाचरीच्या आकारात वेग कमी करणे, वळणे आणि पडल्यावर उठणे शिकवतो. उठताना स्की उताराला आडव्या करायच्या आणि मग हातांच्या आधाराने वर यायचे. तोल जातोय असे वाटले तर कुशीवर बसल्यासारखे पडावे आणि हात पुढे पसरू नयेत. काठी मुठीत धरून हातावर पडल्याने अंगठ्याचा सांधा दुखावणे ही स्कीइंगमधली नेहमीची दुखापत आहे.

लिफ्टवर बसताना दोन्ही काठ्या एका हातात घ्याव्यात, मागे वळून खुर्ची पाहावी, बसल्यावर आडवी दांडी खाली घ्यावी आणि उतरताना स्कीची टोके वर ठेवावीत. उतरल्याबरोबर बाजूला सरकावे, कारण मागची खुर्ची थांबत नाही. उतारांच्या फलकांवर हिरवे वर्तुळ सोप्यासाठी, निळा चौकोन मध्यमासाठी आणि काळा हिरा कठीणसाठी असतो. पहिला दिवस पूर्णपणे हिरव्यावर घालवावा. खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला, म्हणून वरून येणाऱ्याने त्याला टाळायचे. आणि थांबायचे झाल्यास कडेला, वरून दिसेल अशा जागी थांबायचे. झाडांच्या बुंध्याभोवतीच्या खोल, भुसभुशीत बर्फात माणूस डोक्यावर पडला तर स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही, त्यामुळे आखलेल्या वाटेबाहेर आणि दोरीपलीकडे जाऊ नये. कोणी जखमी झाले तर त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवून ठेवाव्यात आणि स्की पॅट्रोलला, म्हणजे उतारावरच्या बचावपथकाला, बोलवावे.

भारतातून आलेले आई-वडील सोबत असतील तर त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा. उंचीमुळे डोके दुखणे, धाप लागणे हे समुद्रसपाटीवरून थेट आलेल्यांना जास्त जाणवते; हृदयविकार किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच न्यावे. त्यांना तळव्यांना चांगली पकड असलेले बूट द्यावेत, स्कीच्या ठिकाणच्या लॉजमध्ये (बसण्या-खाण्याच्या इमारतीत) खिडकीजवळ जागा धरावी आणि पाणी वारंवार द्यावे. जेवणाचे पदार्थ वर महाग असतात. पोळीचे रोल, उकडलेली अंडी, संक्रांतीच्या सुमारास जात असाल तर तिळगुळाच्या वड्या आणि थर्मासमध्ये चहा नेला तर सगळ्यांचेच चालते.

परतताना

लिफ्ट चारच्या सुमारास बंद होतात, परंतु तुम्ही अडीच-तीनला थांबावे. दुपारनंतर पाय थकतात, बर्फ तुडवून विस्कटलेला असतो, आणि ‘आणखी एकदा’ म्हणून घेतलेल्या फेरीत गुडघे दुखावतात. शिवाय डिसेंबर-जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवसा वितळलेले पाणी अंधार पडताच पुन्हा गोठते आणि पुलांवर व सावलीतल्या वळणांवर डांबरासारखाच दिसणारा काळा बर्फ तयार होतो. सुटीच्या दिवशी तीनलाही रांग असेल तर घाईने निघण्याऐवजी जेवून सातनंतर निघणे बरे, मात्र तेव्हा गाडी चालवणारा ताजातवाना असला पाहिजे. त्याने दुपारी तासभर विश्रांती घ्यावी, किंवा घाट उतरताना गाडी दुसऱ्या माणसाने चालवावी. दोघेही थकलेले असतील तर ऑबर्नला खोली घेऊन राहावे.

निघण्यापूर्वी ओले मोजे बदला, साधे बूट घाला, काचा आणि छतावरचा बर्फ पूर्ण काढा. छतावर राहिलेला थर पहिल्याच ब्रेकला पुढच्या काचेवर घसरून येतो. उतरताना खंडाळ्याच्या घाटात गाडी चालवलेल्यांना ठाऊक असलेली रीत इथेही कामाची आहे : ब्रेकवर सतत पाय ठेवण्याऐवजी खालच्या गिअरवर उतरावे. ऑटोमॅटिक गाडीत त्यासाठी ‘एल’ किंवा ‘बी’ असते. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांत वेग आपोआप कमी करणारी यंत्रणा असते, पण काळ्या बर्फावर तिच्यामुळेही चाके घसरू शकतात, म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलू नये. मागचे चाक घसरू लागले तर ब्रेक न दाबता, गाडी ज्या दिशेला न्यायची आहे तिकडे पाहून स्टिअरिंग हळूच फिरवावे.

घरी आल्यावर भाड्याचे साहित्य परत करण्याआधी बूट उघडे ठेवून वाळवावेत. दुसऱ्या दिवशी गाडीच्या खालचा भाग पाण्याने धुऊन रस्त्यावर टाकलेले मीठ आणि वाळू काढून टाकावी. चेन गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, पीळ काढूनच पिशवीत भरावी आणि एप्रिल संपेपर्यंत डिकीतच राहू द्यावी, कारण सिएरामध्ये एप्रिलमध्येही आर-२ लागू होण्याइतका बर्फ पडतो.